मतांचं गणित : लेखांक ७ – प्रतिस्पर्धी एका तिकिटावर

कल्याण ग्रामीण हा मतदारसंघ आता नावापुरताच ग्रामीण उरला आहे. दिवा, शीळफाटा, पलावाचे मनोरे, डोंबिवली पूर्वेचा काही भाग आणि महापालिकेत कधी आत तर कधी बाहेर राहिलेली २७ गावं यात येतात. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत इथून शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश मोरे १ लाख ४१ हजार मतं घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे राजू पाटील होते. २०१९ साली राज्यभरात मनसेचे एकटे तेच आमदार झाले होते. या वेळी त्यांना सुमारे ७४ हजार ७०० मतं मिळाली. तिसरे, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे सुभाष भोईर, सत्तर हजारांच्या आसपास थांबले. मोरे यांचं मताधिक्य ६६ हजारांवर गेलं, म्हणून निकाल एकतर्फी वाटला. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराच्या मतांची बेरीज केली तर ती १ लाख ४४ हजारांच्या पुढे जाते, म्हणजे विजेत्यापेक्षा जास्त.

सत्तेबाहेरचे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांविरुद्ध लढले की असं होतं. आपल्याकडे सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. हे पाहिलं की कुणीही म्हणेल, दोघांनी एकत्र यायला हवं होतं. कधी यायचं आणि कुणासमोर यायचं, हा मात्र त्याच्यापुढचा प्रश्न. माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं.

आधी बेरजेचं पाहू. दोन उमेदवारांची मतं एकत्र केली की ती सगळी एका पेटीत पडतात, हे गृहीतच कच्चं आहे. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सापडतो, आणि त्यात एक मराठी माणूस आहे. ऑगस्ट १९६९. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल ज्यांच्याकडे होता ते अपक्ष व्ही. व्ही. गिरी, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्षाने उभे केलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे तेच सी. डी. देशमुख. या निवडणुकीत मतदार पसंतिक्रम देतो: पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. कोटा कुणालाच गाठता आला नाही. मग मागचे उमेदवार बाद करत त्यांची पुढची पसंती मोजली गेली. देशमुखांच्या पाठीराख्यांचा ओढा रेड्डींकडे होता आणि त्यांची बहुतेक मतं तिकडेच गेली. तरीही शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. रेड्डी आणि देशमुखांच्या पहिल्या पसंतीची कागदावरची बेरीज ४ लाख २६ हजारांची होती, गिरींच्या अंतिम आकड्यापेक्षा जास्त! काही मतं वाटेत गळली, काही गिरींकडे वळली, आणि राष्ट्रपती बदलला. हे मतदार खासदार-आमदार होते, राजकारणात मुरलेले. त्यांचीही मतं सरसकट वळली नाहीत, तर दिव्याच्या चाळीतल्या मतदाराकडून ती अपेक्षा कशी करायची?

कल्याणचा अनुभवही तेच सांगतो. वैशाली दरेकर यांनी २००९ साली मनसेच्या उमेदवार म्हणून कल्याण लोकसभेत लाखभर मतं घेतली होती. २०२४ला त्याच मतदारसंघात त्या उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेच्या मशाल चिन्हावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा जुना पक्ष महायुतीला पाठिंबा देऊन समोर होता. महायुतीचे श्रीकांत शिंदे दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. त्यानंतर सहा महिन्यांत मनसे विधानसभेला शिंदेंच्या शिवसेनेविरुद्धच लढली. मनसेच्या इंजिनावर शिक्का मारायची सवय असलेल्या माणसाला पंधरा वर्षांत किती वेळा मान वळवावी लागली असेल!

आता वेळेकडे वळू. अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एका तिकिटावर असतात, एका मताने दोघे निवडले जातात. सुरुवातीला तसं नव्हतं. निर्वाचक दोन मतं देत, जास्त मतांचा अध्यक्ष, त्याखालचा उपाध्यक्ष. १८०० साली जेफरसन आणि त्यांचेच सहकारी आरन बर यांना सारखी ७३-७३ मतं पडली, आणि कोण कुठल्या पदासाठी उभा होता हेच कायद्याला सांगता येईना. प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्या, तेव्हा जेफरसन अध्यक्ष झाले. त्यातून १८०४ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांसाठी वेगळं मत द्यायचं ठरलं. तिकिटाची आजची पद्धत त्या पायावर उभी आहे. तिच्यात प्रतिस्पर्धी जोडीदार होऊ शकतात. १९८० साली रेगन आणि बुश आधी एकमेकांविरुद्ध लढले, मग एका तिकिटावर आले. पण जोडी मतदानाआधी जाहीर होते. ती आवडली नाही तर नाकारायची संधी मतदाराला असते.

ही अट किती कठोर असते ते तैवानमध्ये दिसलं. तिथेही अध्यक्ष-उपाध्यक्ष एका तिकिटावर. २०२३च्या नोव्हेंबरात विरोधी गोटातले दोघे, जुन्या कुओमिंतांग पक्षाचे हौ यू-यी आणि डॉक्टरकी सोडून राजकारणात आलेले, स्वतःचा नवा पक्ष काढणारे को वेन-जे, एकत्र लढायला तयार झाले. माजी अध्यक्ष मा यिंग-ज्यू यांच्या मध्यस्थीने करारही झाला. वर नाव कुणाचं, हे जनमत चाचण्यांवरून ठरणार होतं. पण चाचण्यांमधली सांख्यिकी त्रुटी किती धरायची यावरून भांडण जुंपलं. अर्ज भरायच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी एका हॉटेलात, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, दोघांनी एकमेकांना बोल लावले आणि युती मोडली. जानेवारी २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे लाई छिंग-ते ४० टक्के मतांवर जिंकले. हौ यांना साडेतेहेतीस टक्के मिळाले, को यांना साडेसव्वीस.

स्लोव्हाकियात २०१९ साली उलट घडलं. पर्यायी उमेदवार म्हणून उभे असलेले शास्त्रज्ञ रॉबर्ट मिस्त्रिक यांनी पहिल्या फेरीला तीन आठवड्यांहून कमी काळ उरला असताना माघार घेतली आणि वकील झुझाना चापुतोवा यांना पाठिंबा दिला. त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. तैवानची जोडी मोडली, स्लोव्हाकियाची जमली. दोन्ही ठिकाणी मतदाराला मत देण्याआधी सगळं कळलं होतं.

आपल्या महापालिकांमध्ये जोड्या बहुतेक निकालानंतर जमतात. २०१०च्या कल्याण-डोंबिवलीत १०७ जागांपैकी शिवसेना ३१, मनसे २७, भाजप ९. शिवसेना-भाजप युतीची बेरीज चाळीस, हवे होते ५४, मग अपक्षांची जुळवाजुळव. २०१२ला ठाण्यात मनसेने शिवसेनेविरुद्ध लढून सात जागा मिळवल्या आणि महापौर निवडताना ती सात मतं शिवसेनेलाच दिली. २०१५ला कल्याण-डोंबिवलीत शिवसेना ५२ आणि भाजप ४२. राज्यात एकत्र सत्तेत असलेले हे दोन पक्ष इथे एकमेकांवर तुटून पडले होते. निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत एकत्र येऊन त्यांनी महापौर, उपमहापौर वाटून घेतले. प्रचारात जे ऐकलं त्यावर विश्वास ठेवून मत दिलेल्या नागरिकाला कुणी विचारलं नाही.

म्हणून ५ जुलै २०२५ला वरळीत ठाकरे बंधू, म्हणजे उद्धव आणि मनसेचे राज, एका व्यासपीठावर आले, आणि पुढे महापालिकांसाठी युती झाली, तेव्हा मला त्यात एक चांगली गोष्ट दिसली होती. पटो वा न पटो, ही जोडी मतदानाआधी लोकांसमोर आली होती. जानेवारी २०२६ मध्ये कल्याण-डोंबिवलीत प्रथमच बहुसदस्यीय प्रभाग होते, बहुतेक चार नगरसेवकांचे. अमेरिकी तिकिटाच्या सर्वांत जवळ जाणारी आपली गोष्ट म्हणजे हे पॅनेल. फरक एवढाच की चार जागांसाठी चार वेगळी मतं द्यायची असतात, त्यामुळे पॅनेल फोडता येतं. १२२ जागांचा निकाल असा: शिंदेंची शिवसेना ५३, भाजप ५०, ठाकरेंची शिवसेना ११, मनसे ५, काँग्रेस २, राष्ट्रवादी (शरद पवार) १. बहुमताला ६२ हवे होते. निकालानंतर आठवडाभरात मनसेच्या पाच नगरसेवकांनी शिंदेंच्या शिवसेनेला पाठिंबा दिला. मित्रपक्ष भाजप फक्त तीन जागांनी मागे होता, तेव्हा या पाचांचं मोल सहज कळतं. शहराच्या स्थैर्यासाठी हे केलं, असं सांगितलं गेलं. असेलही. पण मशाल आणि इंजिन एकाच पॅनेलमध्ये पाहून ज्याने चार बटणं दाबली, त्याच्या मताचा अर्थ त्याच्या पाठीमागे बदलला.

आणि कायदा याला वाट करून देतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१-अ नुसार समित्यांमधल्या जागा पक्ष, गट आणि आघाड्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात भरायच्या असतात. प्रमाण ठरवायचं म्हणजे आधी गट नोंदवायला हवेत, म्हणून निकाल लागताच सगळे कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे धावतात. याच कलमात तरतूद आहे की निकालाची अधिसूचना निघाल्यापासून एका महिन्याच्या आत नवी आघाडी नोंदवता येते, आणि तशी आघाडी निवडणूकपूर्व होती असं मानलं जातं. मतदानाच्या दिवशी जी अस्तित्वातच नव्हती, ती कागदावर आधीपासूनची ठरते. स्थायी समितीत कोण बसणार, म्हणजे शहराच्या खर्चावर कुणाचा हात राहणार, हे या महिनाभरात ठरू शकतं.

निकालानंतर युती होऊच नये, असं माझं म्हणणं नाही. त्रिशंकू सभागृहात कुणीतरी कुणाबरोबर बसणारच, नाहीतर पाणी, कचरा, रस्ते यांचे ठराव अडतील. पण पाठिंबा वेगळा आणि ‘आधीपासून आघाडी’ म्हणून मिळणारा दर्जा वेगळा. तो दर्जा, आणि त्यातून मिळणाऱ्या समित्यांच्या जागा, उमेदवारी अर्ज भरण्याच्या मुदतीपूर्वी नोंदवलेल्या आघाडीलाच मिळाव्यात. नंतर येणाऱ्यांनी नंतरचे म्हणूनच नोंद करावी. त्यासाठी ३१-अ मधली ती तरतूद काढावी लागेल, आणि ते काम विधिमंडळाचं आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतून जे आमदार तिथे गेले आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न मतदारसंघातल्या लोकांनीच लेखी ठेवायला हवा. यातला कुठलाच पक्ष तो आपणहून मांडणार नाही, कारण प्रत्येकाने कधी ना कधी या महिन्याचा उपयोग केलेला आहे किंवा पुढे करायचा आहे.

(पुढच्या आठवड्यात : स्वीकृत नगरसेवक कोण आणि कशाच्या बळावर होतो?)