वेटोळ्यातले औषध

मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी 1992 साली ‘मेर्सासिडिन’ या प्रतिजैविकाची माहिती प्रसिद्ध केली. बॅसिलस जिवाणूने बनवलेले हे पेप्टाइड 20 अमिनो आम्लांचे. गंधकाच्या पुलांनी त्या साखळीची चार वेटोळी झालेली. त्याचे काम जंतू मारण्याचे, दाह शमवण्याचे नव्हे. पण आज दाहावरची औषधे आखताना हीच वेटोळ्याची युक्ती वापरतात.

सरळ पेप्टाइड गिळले, तर पोटातली विकरे त्याला डाळीतल्या प्रथिनासारखेच पचवून टाकतात. इन्सुलिन गोळीने देता येत नाही ते मुख्यतः यामुळेच. टोके जुळवली, किंवा मधली दोन आम्ले पुलाने बांधली, की विकरांना साखळी सहज धरता येत नाही. शिवाय आकार पक्का झाल्याने रेणू लक्ष्यावर नेमका बसतो.

बुरशीतून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे 11 आम्लांचे कडे. सोरायसिसवर, संधिवातावर ते चालते; पण पेशीत शिरून प्रतिकारशक्ती सरसकट दाबते आणि मूत्रपिंडांना जाचते.

मुद्दाम आखलेले इकोट्रोकिन्रा पेशीत शिरत नाही; इंटरल्यूकिन-23 पेशीला जिथे चिकटते ती जागाच बाहेरून अडवते. सोरायसिसच्या 255 रुग्णांवरील चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठ्या मात्रेवर 16 आठवड्यांत सुमारे 79 टक्के रुग्णांचा आजार निदान तीन-चतुर्थांश ओसरला. औषधविरहित गोळीवर 9 टक्क्यांचा. गंमत अशी, की गिळलेल्यापैकी फारच थोडे औषध रक्तात पोचते. तेवढेही पुरते, कारण पकड विलक्षण घट्ट आहे.