टाकळा की कसुंदा? रानभाजी ओळखायची कशी

पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा-दहा दिवस गेले की कर्जत, मुरबाड, शहापूर, जव्हारकडच्या माळांवर हिरवळ दिसू लागते. ठाण्या-कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, कुलू, टाकळा, भारंगीचे वाटे मांडून बसतात. याच दिवसांत शहरांतून रानभाज्या ओळखायच्या सहली निघतात. काही निसर्गमंडळं काढतात, काही गावकरी स्वतःच बोलावतात. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथं चव घेतलेल्यांनाही मग रान बघावंसं वाटतं. अडचण एवढीच, की बहुतेक सहलींत दोन-तीन तासांत तीस-चाळीस नावं कानांवर पडतात आणि घरी पोचेपर्यंत ती एकमेकांत मिसळून जातात. जे खायचं आहे, त्याची ओळख अशी अर्धवट चालत नाही. म्हणून अशी सहल नीट आखायची कशी आणि झाड ओळखण्याचं काम प्रत्यक्षात कसं होतं, ते सावकाश पाहू.

सुरुवात वाट दाखवणाऱ्या माणसापासून. सोबत वनस्पतिशास्त्राचा जाणकार आणि गावातली रोज रांधणारी बाई असे दोघं असतील तर उत्तमच. दोघांतून एकाचीच निवड करायची झाली, तर मी रांधणाऱ्या बाईला आधी बोलावीन. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यानंतरही महाराष्ट्राच्या वनस्पतींवर मोलाचं काम झालं. परंतु या सगळ्या ग्रंथांची ओळखण्याची वाट प्रामुख्यानं फुला-फळांवरून जाते. पाकळ्या किती, केसर कसे, शेंग कशी. भाजी मात्र खुडायची असते फूल येण्याच्या कितीतरी आधी, रोप वीतभर असताना. त्या वयातलं रोप ओळखण्याची नजर ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या बायकांकडे असते, कारण लहानपणापासून त्यांनी ते त्याच वयात खुडलेलं असतं. कोणता भाग घ्यायचा, कोणता टाकायचा, कडूपणा कशानं जातो, हेही त्याच सांगतात. त्यांचा मोबदला आधी ठरवून, हातात द्यावा. आणि भाताच्या आवणीच्या ऐन दिवसांत त्यांना बोलावू नये. त्या आठवड्यात शेतावरचा एकेक हात मोलाचा असतो.

माणसं दहा-बाराच असावीत. त्याहून जास्त झाली की मागच्यांना रोप दिसत नाही, नुसतं नाव ऐकू येतं. पायांत घोट्यापर्यंतचे बूट, हातात काठी, खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पेनाची शाई पावसात पसरते. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटावी, सापाला वाट मिळते. खाजकुइलीच्या कुसळदार शेंगा पावसाळ्याच्या शेवटी धरतात, त्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

जागा निवडताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली कायद्याची. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात आपण काही तोडायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथल्या वनस्पतींनाही संरक्षण आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जरूर जावं, बघावं, फोटो काढावेत, पिशवी मात्र रिकामी ठेवावी. इतर जंगलांत गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं तिथं राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर परंपरागत वननिवासींना दिला आहे. तो पाहुण्यांचा हक्क नव्हे. शिकण्यापुरतं खुडायचं असेल तर गावातल्या कुणाच्या तरी खाजगी माळावर, बांधावर, विचारून खुडावं. दुसरी गोष्ट मातीची. हमरस्त्याच्या कडेचा, कारखान्याच्या सांडपाण्याजवळचा टाकळा कितीही तजेलदार असला तरी घेऊ नये. बांधावर तणनाशक मारलं आहे का, हे मालकालाच विचारावं. फवारणीनंतर पहिले काही दिवस पान हिरवंच दिसतं.

आता प्रत्यक्ष ओळख. टाकळ्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण तो सगळीकडे आहे आणि त्याचा फसवा शेजारीही सगळीकडे आहे.

टाकळ्याच्या रोपासमोर बसायचं. उभ्यानं ओळख होत नाही. पहिला प्रश्न: पान म्हणजे नेमकं कोणतं? टाकळ्याचं जे एकेक गोलसर हिरवं पातं दिसतं, ती पर्णिका आहे, पान नव्हे. पान संपतं तिथं, देठ आणि खोड यांच्या बेचक्यात, बारीक कळी असते. पर्णिकेच्या बेचक्यात ती नसते. ही कळी भिंगातून शोधायला शिकलं की साधं पान आणि संयुक्त पान यांतला गोंधळ कायमचा मिटतो, आणि ही खूण पुढच्या शंभर झाडांना उपयोगी पडते. टाकळ्याच्या एका पानावर बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलाकार. आता मधली काडी तिरकी धरून बघा. खालच्या जोड्यांतल्या दोन पर्णिकांच्या मध्ये काडीवर बारीक, उभी, टोकदार गाठ दिसेल. ती ग्रंथी. संध्याकाळी हेच रोप पुन्हा पाहिलं तर पर्णिका मिटलेल्या असतात.

शेजारी कसुंदा असतो. तोही त्याच कुळातला, फुलंही पिवळीच. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या जास्त, चार-पाच किंवा त्याहून अधिक, आणि टोकं अणकुचीदार. ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून देठाच्या अगदी तळाशी, खोडाजवळ, फुगीर. पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. मोठं झाल्यावर टाकळ्याची शेंग लांब, बारीक, वाकलेली, तर कसुंद्याची चपटी, जरा रुंद. हा फरक जपायलाच हवा. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये दरवर्षी येणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचं मूळ कसुंद्याच्या बिया खाण्यात आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्या मुलांचं यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर परिणाम झाला होता.

इथं रीत लक्षात येते. एका खुणेवर कधीही विसंबायचं नाही. कोवळ्या टाकळ्याला कधी दोनच जोड्या असतात, आणि वास प्रत्येक नाकाला वेगळा येतो. पर्णिकांचा आकार, जोड्यांची संख्या, ग्रंथीची जागा, वास या चारही गोष्टी जुळल्या तर टाकळा. एक जरी अडली तर खुडायचं नाही, फक्त वहीत चित्र काढायचं. चित्र चांगलं आलं पाहिजे असं नाही. काढताना ग्रंथी कुठं आहे ते डोळ्याला बघावंच लागतं, फोटो काढताना लागत नाही.

कुलूची गोष्ट निराळी. ठिकठिकाणी तिला फोडशी, कोळूही म्हणतात. पहिल्या पावसानंतर गवताबरोबरच ती उगवते आणि नवख्याला गवतच वाटते. गवताच्या काडीला पेरं असतात आणि पान त्या काडीला खोळीसारखं गुंडाळलेलं असतं. कुलूला पेरं नाहीत. सगळी लांबट पानं जमिनीतूनच एका झुबक्यानं वर येतात, मऊ, रसदार, आणि बुडाशी पांढरी. बायका विळ्यानं वरची पानं कापतात, मूळ जमिनीतच राहू देतात, म्हणजे पुढच्या वर्षी तीच कुलू पुन्हा येते. याच गणातली सफेद मुसळी औषधासाठी मुळासकट इतकी उपटली गेली की अनेक ठिकाणी ती दुर्मीळ झाली. तिच्या शास्त्रीय नावात बोरिवलीचा उल्लेख आहे, हे मुंबईकरांनी आवर्जून लक्षात ठेवावं. सहलीत कुणी कुलू मुळासकट उपटायला लागलं तर तिथंच थांबवावं.

याच दिवसांत कळलावीचे कोंबही जमिनीबाहेर येतात. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे घातक विष असतं. कळलावीला खोड असतं, त्यावर पानं येतात आणि पानाचं टोक बारीक तणाव्यासारखं वळतं. पण कोंब अगदी कोवळा असताना ते टोक स्पष्ट नसतं. त्यामुळे नवख्यानं कुठल्याही अनोळखी कोंबाला आणि कंदाला हात लावू नये, एवढा नियम पहिल्या दिवशीच करून टाकावा. आळिंबीलाही तोच नियम. वारुळाजवळची आळिंबी गावातली माणसं वर्षानुवर्षं खातात, पण अळंब्यांची ओळख हा वेगळाच अभ्यास आहे, तो भाज्यांच्या सहलीत उरकण्याजोगा नाही.

शेवळं मला या सगळ्यांत जास्त आवडतात. सुरणाच्या गणातली ही वनस्पती, पान येण्याआधी जमिनीतून नुसता फुलोरा वर काढते. ठिपक्यांचा दांडा, वर तपकिरी-जांभळट आवरण, त्यातून बाहेर डोकावणारा लांब निमुळता शेंडा. भाजीसाठी तो आवरण मिटलेलं असतानाच घेतात. उमलला की सडक्या मांसासारखा वास सुटतो आणि माश्या जमतात, परागीभवनासाठी ते बोलावणं असतं. छत्रीसारखं पान नंतर येतं, तोवर भाजीचा हंगाम संपलेला असतो. थोड्याच अंतरावर सापकांदा दिसू शकतो. त्याचा फडा हिरवट-पांढरा, नागाच्या फण्यासारखा पुढं झुकलेला. दोघं एकाच कुळातले, म्हणून दोन्ही एकदा शेजारी शेजारी बघून घ्यावेत.

शेवळं ओळखली म्हणजे काम अर्धंच झालं. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणूनच बाजारात शेवळांच्या वाट्याबरोबर काकडाची आंबट, हिरवी फळं ठेवलेली दिसतात. ती नसतील तर चिंच किंवा आमसूल. आवरणाच्या आत खालच्या बाजूला दाणेदार भाग असतो, तो काढून टाकतात, उरलेलं बारीक चिरून आंबटाबरोबर चांगलं शिजवतात. म्हणून मी म्हणेन, सहल रानात संपवूच नये. गावातल्या एखाद्या घरी, चुलीपाशी, तीच भाजी निवडताना आणि रांधताना बघावी. भारंगीची पानं उकडून, पिळून कडूपणा कसा काढतात, कडूकंदाचे काप वाहत्या पाण्यात रात्रभर का ठेवतात, बांबूचे कोंब भिजवून, पाणी बदलून, उकडूनच का खातात (कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात), हे चुलीपाशीच कळतं. निवडतानाही एक तपासणी आपोआप होते. टोपलीतली जुडी रांधणाऱ्या ताई पुन्हा एकदा हातानं सोडवून बघत असतात, आणि तुम्ही चुकून घातलेलं पान त्यांच्या बोटांना सापडतं.

नवी भाजी पहिल्यांदा खाताना शिजवूनच खावी, दोन-चार घास, आणि एका दिवशी एकच नवी. म्हणजे काही त्रास झालाच तर तो कशानं झाला ते समजतं. लहान मुलं, गरोदर बायका, मूत्रपिंडाचा विकार असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नयेत.

फोनवरच्या ओळखयंत्रणांबद्दल हल्ली प्रत्येक सहलीत विचारलं जातं. फुललेल्या झाडाचं कूळ किंवा गण सुचवायला त्या चांगल्या आहेत. घरी आल्यावर आपल्या नोंदींशी ताडून बघायलाही. वीतभर, बिनफुलाच्या रोपावर मात्र त्या खात्रीनं काही सांगू शकत नाहीत, आणि खायचं की नाही याचा निर्णय त्यांच्यावर सोडणं धोक्याचं आहे. पर्णिकांमधली ग्रंथी फोटोत सहसा येत नाही, वास तर नाहीच.

एका सहलीत तीन किंवा चार भाज्या पुरे. जास्त नावं गोळा करण्याऐवजी त्याच वाटेवर पुन्हा जावं. जुलैत कवळा येतो, स्पर्श केला की त्याची बारीक पानं मिटतात, पण लाजाळूसारखे काटे त्याला नसतात आणि फूल पिवळं असतं. करटोलीचे वेल फुलतात, काही नर, काही मादी. फुलाच्या मागे इवलं काटेरी फळ दिसलं तर मादी, नुसता देठ असेल तर नर. फळं फक्त मादी वेलाला लागणार, पण नर वेल तोडून टाकला तर तीही धरणार नाहीत. सप्टेंबरात जूनमधला तोच टाकळा गुडघ्याच्या वर गेलेला, पिवळ्या फुलांनी आणि वाकड्या शेंगांनी भरलेला दिसेल. तेव्हा मात्र कुकांचा ग्रंथ उघडावा, पाकळ्या, केसर, शेंगा मोजाव्यात आणि जूनमधल्या चित्राशेजारी नवं चित्र काढावं. रोपाच्या आणि फुलाच्या अशा दोन्ही वयांत एकच झाड पाहिलं की पुढच्या जूनमध्ये ते वीतभर असताना ओळखायला अडत नाही. शेवळांच्या जागेवर तेव्हा छत्रीसारखी पानं उभी असतील. ती जागा वहीत खुणेसह लिहून ठेवावी, कारण उन्हाळ्यात तिथं वर काहीच उरत नाही आणि पुढच्या पावसात फुलोरा नेमका तिथूनच निघतो.