आखाजीचे साल

नंदुरबारच्या बाजारपेठेत वर्ष एकदाच लागत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला मराठी घरांवर गुढी उभी राहून शालिवाहन शक बदलतो. परंतु शेजारच्या गुजराती व्यापाऱ्याचे विक्रम संवत दिवाळीच्या चोपडापूजनानंतर, कार्तिकी पाडव्याला पालटते. सिंधी कुटुंबांचे साल चैत्रातच, चेटीचंडाला, झूलेलालांच्या स्मरणाने सुरू होते. आणि मुसलमानांचे हिजरी वर्ष, अधिक मासाची तडजोड न स्वीकारल्यामुळे, दरसाल सुमारे ११ दिवसांनी मागे सरत सर्व ऋतूंतून फिरते. तहसील कचेरीच्या महसुली सालाला, जे १ ऑगस्टला लागते, ना गुढी ना तोरण! सातपुड्यातील भिल्ल-पावरा पाड्यांवर पंचांगापेक्षा पिकाला मान अधिक. नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून खात नाहीत, आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीस रात्रभर ढोल घुमतात, होळी पेटते ती पहाटे.

खानदेशी शेतकऱ्याचे खरे वर्ष मात्र, माझ्या मते, वैशाख शुद्ध तृतीयेस, म्हणजे आखाजीला फिरते. सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर लहान मातीचे भांडे व त्यावर डांगर ठेवतात. पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य होतो. आणि याच मुहूर्तावर सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, जुना करार संपून नवा ठरतो, रोख किती, धान्य किती, उचल किती. मागील उचल फिटली नसेल, तर ती बाकी नव्या सालाच्या हिशेबात प्रथम वळती होते.