जंबो, मेगा आणि आपला ‘भला मोठा’

मुलांच्या निबंधांत आम्हाला हल्ली ‘मेगा पाऊस’, ‘जंबो इमारत’, ‘सुपर बिग मासा’ असे शब्द भेटतात. जपानमध्ये राहताना ते तोंडात बसणारच. येथे वर्षअखेरीची लॉटरी ‘जंबो’, आणि २००७ साली आलेला बर्गर ‘मेगा मॅक’! हे शब्द वाईट नाहीत. पण ते आले कोठून, आणि त्यांच्या जागी मराठीत काय म्हणता येईल, ते पाहू या.

‘जंबो’ शब्द जगभर गाजवला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील त्या नावाच्या आफ्रिकन हत्तीने. १८८२ साली अमेरिकन सर्कसवाले बार्नम यांनी त्याला विकत घेतले आणि त्याची भरपूर जाहिरात केली. पुढे कोणत्याही मोठ्या वस्तूला लोक जंबो म्हणू लागले. ‘मेगा’ मूळचा ग्रीक, अर्थ ‘मोठा’. मोजमापात मात्र त्याचा अर्थ दहा लाख पट. मुंबईच्या लोकलचा रविवारचा ‘मेगाब्लॉक’ पालकांना ठाऊक आहेच!

मराठीत एकच शब्द सगळीकडे चालत नाही. इमारत टोलेजंग, माणूस धिप्पाड, रस्ता लांबलचक, मैदान विस्तीर्ण, घर ऐसपैस, यंत्र अवाढव्य. ‘धिप्पाड इमारत’ म्हटले तर आजी हसेल. ‘टोलेजंग’ म्हणताच उंची डोळ्यांपुढे येते, ‘ऐसपैस’ म्हणताच मोकळी जागा. ‘जंबो’ने एवढेच कळते की वस्तू मोठी आहे. फोनवर आजी-आजोबांना जपान दाखवायचा तर हे शब्द हाताशी हवेतच. आपण वापरले नाहीत, तर ते मुलांपर्यंत पोचणार कसे?

आता एक गंमत. जपानी लोक जोर द्यायला ‘देकाई’चे ‘देक्काई’ करतात. आपण ‘मोठा’चे ‘मोठ्ठा’ करतो. इंग्रजीतल्या ‘ग्रेट बिग’सारखी जोडीही आपल्याकडे आहे: ‘भला मोठा’!

पुढच्या वर्गासाठी पाच वाक्ये लिहून आणा: कामाकुराचा बुद्ध (सुमारे ११ मीटर), टोकियो स्कायट्री (६३४ मीटर), सुमो पैलवान, शिंकान्सेन गाडी आणि ‘ओमोरी’ रामेनचा वाडगा. प्रत्येकाला वेगळा शब्द हवा. जंबो आणि मेगा यांना त्या दिवशी सुट्टी!