शेपटाकडून वाचायचे शब्द

लांबलचक वैद्यकीय शब्द समोर आला की तो शेपटाकडून वाचायला घ्या, असं मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच तासाला सांगते. सरकारी रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात उमेदीची वर्षं गेली, आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. बहुतेक जणी मराठी शाळेतून आलेल्या, पुस्तकं मात्र इंग्रजीत. ‘कोलेसिस्टेक्टमी’ असं फळ्यावर लिहिलं की पुढच्या बाकावरच्या मुलीसुद्धा वहीत मान घालतात. पाठच करायचं म्हटलं तर असे हजारो शब्द आहेत. पण त्यांची शेपटं मोजकी आहेत. तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि ती ओळखू आली की अर्धा शब्द उलगडलेला असतो.

शेवटी आय-टी-आय-एस ही चार अक्षरं दिसली की दाह समजावा, म्हणजे सूज, लाली, ठणका. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस, आर्थ्रायटिस. पुढचा भाग फक्त अवयव सांगतो: गॅस्टर म्हणजे जठर, हेपार म्हणजे यकृत, आर्थ्रॉन म्हणजे सांधा. मूळ ग्रीकमध्ये या शेपटात दाह नव्हता, नुसता ‘-चा’ होता. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्यांचा रोग. त्यातला ‘नोसोस’ म्हणजे रोग हा शब्द गळून पडला आणि राहिलेल्या शेपटाला डॉक्टरांनी पुढे दाहाचा अर्थ दिला. अपेंडिसायटिस तर १८८६ सालचा शब्द. बॉस्टनचे डॉक्टर रेजिनल्ड फिट्झ यांनी दाखवून दिलं की पोटाच्या उजव्या बाजूला उठणारं हे जीवघेणं दुखणं अपेंडिक्समधून सुरू होतं. त्यांनी त्याला हे नाव दिलं आणि शस्त्रक्रियेला उशीर करू नका असं बजावलं. नेमकं नाव मिळालं तसं कापायचं कुठे हेही सर्जनना नेमकं कळलं.

आता कापण्याचे शब्द. ‘टोम’ म्हणजे कापणं. अॅटम या शब्दात हाच टोम बसलेला आहे, आधी नकाराचा ‘अ’ लावून: जो कापता येत नाही तो. ऑपरेशनच्या नावांत याची दोन रूपं येतात, आणि तिसरं एक त्यांच्यासारखंच ऐकू येतं. तिथे मी मुलींना घाई करू देत नाही. मोठ्या आतड्याचं उदाहरण घेते. कोलोटमी म्हणजे आतड्याला छेद दिला. कोलेक्टमी म्हणजे आतडं किंवा त्याचा भाग कापून बाहेर काढला, कारण ‘एक’ म्हणजे बाहेर. कोलोस्टमी म्हणजे आतड्याला पोटावर नवं तोंड करून दिलं. हे शेपूट ‘स्टोमा’वरून आलंय, स्टोमा म्हणजे तोंड. ऐकताना एका ‘स’चा फरक, पण त्या माणसाला पोटावर पिशवी लावून राहायचं असतं. नातेवाइकांना ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी कळायला हवी, नंतर नव्हे.

मग कोलेसिस्टेक्टमी सोपी वाटू लागते. शेपूट सांगतं की काहीतरी काढलं. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. पित्ताशय काढलं, बस. हे ऑपरेशन पहिल्यांदा १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी केलं. आज आपल्याकडे ते बहुधा दुर्बिणीतून होतं आणि आधी ‘लॅपरोस्कोपिक’ लागतं: ‘लॅपरा’ म्हणजे कूस, ‘स्कोप’ म्हणजे पाहणं.

शेपटांइतकाच शब्दाच्या तोंडाशी येणाऱ्या तुकड्यांवर माझा जीव आहे, कारण त्यांतले कितीतरी आपल्या नात्यातले आहेत. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच मुळाचे. ‘हायपो’ आणि ‘उप’ही तसेच. ऑस्टिओपोरोसिसमधला ‘ऑस्टिऑन’ आपल्या अस्थीचा सख्खा, ऑर्थोडॉन्टिस्टमधला ‘ओडोन्त’ दंताचा. अॅनिमियात रक्ताच्या आधी जो ‘अन्’ आहे तोच अनावश्यकमध्ये आहे. मुलींना हे सांगितलं की इंग्रजीची धास्ती कमी होते.

पण हायपर आणि हायपो ऐकायला इतके जवळचे आहेत की त्यांचं भय मात्र मी मुद्दाम राखते. हायपोग्लायसेमियात रक्तातली साखर घसरलेली असते आणि रोग्याला साखर द्यायची असते. हायपरग्लायसेमियात ती चढलेली असते आणि बहुधा इन्सुलिन लागतं. रात्रपाळीत फोनवर डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘हायपो’ म्हणायचं नाही; ‘शुगर कमी आहे, इतकी आली’ असं मराठीत, आकड्यासह म्हणायचं. हा माझ्या वर्गाचा नियम आहे.

तुकडे एकावर एक किती चढू शकतात हे पाहायचं असेल तर स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉयडिझम घ्या. इंग्रजीत ३० अक्षरं. पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडशेजारच्या ग्रंथी, हायपो म्हणजे त्यांचं काम कमी पडणं. अमेरिकी डॉक्टर फुलर अॅलब्राइट यांना असे रोगी भेटले ज्यांच्या ग्रंथी ठीक होत्या, पण शरीर त्यांच्या संप्रेरकाला दाद देत नव्हतं. म्हणून १९४२ मध्ये त्याला ‘स्यूडो’, म्हणजे भासणारा, असं जोडलं. पुढे १९५२ मध्ये त्यांनी अशा रोग्याचं वर्णन केलं ज्याचं ठेंगणं अंग, गोल चेहरा सगळं तसंच, पण रक्तातलं कॅल्शियम व्यवस्थित. म्हणजे भासाचाही भास. इंग्रजी शब्दकोशातला ४५ अक्षरांचा फुप्फुसाच्या रोगाचा शब्द याहून लांब आहे, पण तो १९३५ मध्ये शब्दकोड्यांच्या शौकिनांनी लांबीसाठीच घडवला. दगड फोडताना धूळ छातीत गेलेल्या मजुराला डॉक्टर सिलिकोसिस झाला असंच म्हणतात. मी तो शिकवत नाही.

ऱ्हायनोप्लास्टी मात्र आवर्जून शिकवते. ‘ऱ्हायनो’ म्हणजे नाक, तेच जे ऱ्हायनोसेरॉसच्या नावात शिंग घेऊन उभं आहे. आणि ‘प्लास्टी’ ज्या क्रियापदावरून आली त्याचा अर्थ ओल्या मातीला आकार देणं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली एक वृत्तान्त छापून आला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका जाणकारानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. तो वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. ऱ्हायनोप्लास्टी हा शब्द रूढ झाला तो जर्मन सर्जन ग्रेफे यांच्या १८१८ च्या पुस्तकानंतर. मातीत हात घालणाऱ्या त्या माणसाच्या कामाला नाव मिळालं तेही माती घडवण्यावरूनच. वर्गात हे सांगताना मला दर वेळी भरून येतं.

बायकांच्या वॉर्डात ज्या शब्दांपायी माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, ते असे: टोटल अॅब्डॉमिनल हिस्टरेक्टमी विथ बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टमी. कार्डावर बहुतेकदा नुसतं टीएएच-बीएसओ. बाईला विचारलं तर ती म्हणते, ‘पिशवी काढली.’ पण कार्ड त्याहून बरंच जास्त सांगत असतं. ‘हिस्टरा’ म्हणजे गर्भाशय. तेच अंगात भटकतं म्हणून बाईला झटके येतात अशा जुन्या समजुतीतून हिस्टेरिया शब्द निघाला आणि अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी तो आपल्या निदानांच्या यादीतून १९८० मध्ये काढला. ‘सॅल्पिंक्स’ म्हणजे तुतारी. गर्भनलिकेचा आकार फालोप्पियो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला तुतारीसारखा दिसला होता. ‘ऊ’ म्हणजे अंडं आणि ‘फोर’ म्हणजे वाहणारं, आपल्या ‘भार’च्या मुळाचं: अंडाशय. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं. म्हणजे गर्भाशयासोबत दोन्ही नलिका आणि दोन्ही अंडाशयं गेली.

हे कळणं फार गरजेचं आहे. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशयांचं काम चालू राहतं. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशयं काढली तर शरीरात रजोनिवृत्ती एकदम येते: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होत जाणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कोयता घेऊन पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला आपली कंबर आणि सांधे का दुखतात हे कळायचं असेल, तर तिच्या कार्डावरचा ‘ऊफोर’ कुणीतरी तिला वाचून दाखवला पाहिजे.

‘टोटल’ या शब्दानं तर सुशिक्षित बायकांचाही घोटाळा होतो. टोटल म्हणजे सगळं काढलं, अंडाशयंसुद्धा, असं त्या धरून चालतात. तसं नसतं. गर्भाशय आणि त्याचं तोंड काढलं, एवढाच त्याचा अर्थ. अंडाशयांसाठी स्वतंत्र शब्द लागतो. आणि ‘सबटोटल’ असेल तर गर्भाशयाचं तोंड जागेवरच आहे, म्हणजे त्याच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करून घ्यायची. तपासणी शिबिरात ‘मला पिशवीच नाही, माझी कशाला?’ म्हणून निघालेल्या मावशींना माझ्या मुली थांबवतात आणि कार्ड मागतात. कार्ड हरवलं असेल तर हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट घरात शोधायला सांगतात. काढलेला अवयव तपासायला पाठवलेला असतो आणि प्रयोगशाळेत काय काय पोचलं ते त्या रिपोर्टात लिहिलेलं असतं: युटेरस, सर्व्हिक्स, ओव्हरी, एक की दोन.