बिस्तारै, बिस्तारै!

पाठीला सॅक लावून परदेशात भटकणे हे विशीतल्या पोरांचे काम, असे माझे ठाम मत होते. मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळीच्या सुट्टीत फार तर म्हैसमाळपर्यंत जावे आणि संध्याकाळी घरी परतून पिठले-भाकरी खावी! पण गेल्या दिवाळीत आमच्या कन्येने हे मत मोडीत काढले. तिची जुनी सॅक माझ्या खांद्यावर चढली, आणि आम्ही तिघे चिकलठाण्याहून निघून नेपाळात दाखल झालो. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे माझी शेवटची सबबही संपली.

काठमांडूहून पोखऱ्याला जाताना वाटेत डुम्रे लागते. तिथून आठ किलोमीटरांचा घाट चढला की बंदीपूर. उंची सुमारे १,०३० मीटर. आमचा बेत एका रात्रीच्या मुक्कामाचा. मुख्य पेठेत वाहनांना मज्जाव, तेव्हा ओझ्यासह चालणे आले. फरसबंदी वाटेवर मला धाप लागलेली पाहून ओसरीवरची एक म्हातारी हसून म्हणाली, "बिस्तारै, बिस्तारै!"

मी चमकलोच. शब्द आपल्या 'विस्तारा'च्या कुळातला दिसतो. पण नेपाळीत त्याचा अर्थ 'सावकाश, हळूहळू'! चिकलठाण्याने पाहिलेला विस्तार निराळा. १९६० च्या दशकात तिथे औद्योगिक वसाहत आली. आजोबांचे ज्वारीचे रान कारखान्यांखाली गेले आणि वडील पुढे तशाच एका कारखान्यात तीन पाळ्यांत राबले. "रिटायर झालो की हिमालय पाहू," असे ते दर दिवाळीला म्हणत. रिटायर झाले, आणि वर्षाच्या आत गेले.

बंदीपूरची कथा नेमकी उलटी. खालच्या खोऱ्यांत हिवतापाचे भय, म्हणून भक्तपूरकडच्या नेवार व्यापाऱ्यांनी या डोंगरमाथ्यावर पेठ वसवली. भारत-तिबेट व्यापारावर ती गबर झाली. पुढे हिवताप हटला, जिल्ह्याचे ठाणे दमौलीला हलले, १९७० च्या दशकात काठमांडू-पोखरा महामार्ग डोंगराखालून गेला, आणि पेठ ओस पडली. रस्त्याने आमच्या गावाला धावायला लावले, या गावाला बसवून ठेवले! त्यामुळेच कोरीव खिडक्यांची जुनी घरे शिल्लक राहिली. आज त्यांतल्याच काहींत पाहुण्यांची सोय होते.

आपली दिवाळी तिथे 'तिहार'. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. पेठेतल्या प्रत्येक भटक्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळी टिळा! सौ. म्हणाली, "आपल्या गल्लीतल्या मोत्याला हे कळू देऊ नका." तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मुक्काम वाढला होताच. त्या म्हातारीच्या ओसरीवर आम्हीही पणत्या लावल्या. आमची ना भाषा एक ना गोत्र, पण तेलवात तीच.

निघायच्या दिवशी पहाटे तुंडीखेलवर गेलो. गावाच्या कडेचे ते मोकळे मैदान. ढग नव्हते. पाहता पाहता उत्तरेला माछापुच्छ्रे, अन्नपूर्णा, मनास्लू तांबूस झाले. माझ्या मनगटावर वडिलांचे घड्याळ होते. पाळी चुकू नये म्हणून ते कायम पाच मिनिटे पुढे ठेवीत. मीही तसेच ठेवले आहे. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, पण घाई कोणालाच नाही. मी घड्याळ काढून खिशात ठेवले.

"बाबा, चला, बस चुकेल," कन्या म्हणाली.

"बिस्तारै," मी म्हणालो. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि ती तशीच गवतावर बसली. ऊन पायाशी येईपर्यंत कोणी उठले नाही.

वाचकहो, हिमालय कुठे जात नाही, हे खरे. जातो तो आपण. पुढच्या दिवाळीवर टाकलेला एखादा बेत तुमच्याही घरी असेल. तो यंदाच उरकून टाका. मात्र तिथे पोहोचल्यावर सावकाश, अगदी सावकाश!