फायबर: मेंढीच्या काळजापासून इसबगोलापर्यंत

डॉक्टर सांगतात, जेवणात फायबर वाढवा. नेट जोडायला आलेला मुलगा विचारतो, फायबर कुठून आत घेऊ? आणि कोकणातला मच्छीमार फायबरची होडी पाण्यात लोटतो. एकच शब्द, पण तो इथवर आला कुठून?

मूळ लॅटिन 'फिब्रा'. म्हणजे तंतू, तसंच यकृताची पाळ किंवा आतडी. रोममध्ये बळी दिलेल्या मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, बाहेर काढून शकुन पाहणारे खास लोक असत; पाळीचा आकार, तिच्यावरची रेघ यावरून ते कौल सांगत. ही विद्या एट्रुस्कन लोकांची. १८७७ साली इटलीत पियाचेन्झाजवळ शेतात काशाचं एक यकृत सापडलं. त्याच्यावर चौकटी आखून देवांची नावं कोरलेली आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शब्द आला तोही यकृताची पाळ याच अर्थाने. सतराव्या शतकात तो स्नायूंच्या आणि झाडांच्या तंतूंना लागला, मग कापड धंद्यात रुळला. पंजाबात मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानींनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोहोचवलं. नेटचं फायबर ते हेच. होडीतही काचतंतूच असतात, राळेत बसवलेले. फायबरची म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी खुर्च्यांत मात्र तंतूच नसतो, असतं ते निव्वळ प्लास्टिक.

सगळ्यात मोठा घोळ आहे तो ताटात. 'डाएटरी फायबर' हा शब्दप्रयोग हिप्सली नावाच्या संशोधकांनी १९५३ साली केला. पुढे युगांडात काम केलेले शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी तो जगभर नेला. शेवग्याची शेंग चघळल्यावर हातात उरतो तो चोथा, त्याला फायबर म्हटलेलं सहज पटतं. पण चमचाभर इसबगोल पाण्यात टाकून बघा. काही मिनिटांत भुसा फुगतो, पाणी दाट, बुळबुळीत होतं. धागा औषधालाही दिसत नाही, तरी तेही फायबरच. पेरूतलं पेक्टिनही तसंच. आपल्या पाचकरसांना न तुटता जे मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं, ते फायबर; दिसायला कसंही असो. चोथा शौचाला आकार देतो, हा बुळबुळीत भाग जेवणातली साखर रक्तात सावकाश सोडतो, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतो. म्हणून नुसत्या पालेभाजीवर भागवू नका. मोड आलेली मटकी, सालासकट पेरू, ज्वारीची भाकरी हे सगळं ताटात हवं, आणि पाणी भरपूर.